कलम 24008 आणि डिकीतला पंप

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातलं कलम 24008 लागू झालं 1 जानेवारी 1958 ला. फेरफार केलेल्या गाडीचा, चाकं सोडून, कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या जवळ आला, तर ती रस्त्यावर आणणं बेकायदा. नियम सुरक्षेचा म्हणून खपण्यासारखा होता. फटका मात्र बसला तो पूर्व लॉस एंजेलिस आणि आसपासच्या मेक्सिकन-अमेरिकन, म्हणजे चिकानो, पोरांना. जुनी शेव्हरोले घ्यायची, ती जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची आणि सावकाश फिरवायची, हा त्यांचा शौक. त्या गाडीला म्हणतात लोरायडर.

रॉन अगिरे या तरुणाला त्याच्या खाली आणलेल्या कॉर्व्हेटसाठी पोलीस थांबवत. 1959 च्या सुमारास त्याने युद्धोत्तर भंगारात मिळणारे विमानाचे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह गाडीत बसवले. आता एक बटण दाबलं की गाडी वर, कायद्यात. पोलीस नजरेआड झाले की परत खाली. ‘एक्स-सॉनिक’ नावाने ती कॉर्व्हेट प्रदर्शनांत गाजली. पुढे ज्या करामतीसाठी लोरायडर जगभर ओळखली गेली, तिचा जन्म असा चलन चुकवण्यातून झाला.

मुळात गाडी खाली का आणायची? त्याच काळात, त्याच कॅलिफोर्नियात हॉट रॉडवाले होते. गाडीतलं वजन उतरवायचं, इंजिन फुगवायचं आणि मोहावीच्या कोरड्या तळ्यांवर भन्नाट सुटायचं, हा त्यांचा धर्म. चिकानो पोरांनी नेमकं उलटं केलं. सुरुवातीला डिकीत वाळूची पोती टाकली, मग स्प्रिंगा कापल्या. वेग त्यांना नकोच होता. गाडी चालवायची ती लोकांनी पाहावी म्हणून, आणि पाहायला वेळ मिळावा म्हणून हळू. जून 1943 मध्ये लॉस एंजेलिसमध्येच ढगळ, लांब कोटाचे झूट सूट घालणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांना नौसैनिकांनी रस्त्यात गाठून मारलं होतं, अंगावरचे कपडे ओरबाडले होते. ज्या समाजाने नजरेत भरण्याची किंमत अशी मोजली, त्याने पुढे भर रस्त्यात गुलाबी गाडी ताशी दहा-पंधरा किलोमीटरने न्यावी, यात नुसती हौस पाहणं मला तरी जमत नाही.

यंत्रणा तशी सरळ आहे. डिकीत बॅटऱ्यांची रांग, त्यावर चालणाऱ्या मोटरी आणि पंप. पंप तेल ढकलतो, होजपाइपातून ते चाकाजवळच्या सिलिंडरात जातं आणि गाडीचा तो कोपरा उचलला जातो. व्हॉल्व्ह उघडला की तेल टाकीत परत आणि कोपरा खाली. चालकाजवळ स्विचांची पेटी. चारही कोपरे वेगवेगळे हलवता येत असल्याने गाडी तिरकी करता येते, तीन चाकांवर वळवता येते, पुढून उड्या मारायला लावता येते. साधी चासी हे सोसत नाही. तिला पोलादी पट्ट्या वेल्ड करून बळकटी द्यावी लागते. शेव्हरोलेची इम्पाला, विशेषतः 1958 ते 1964 ची, या मंडळींची लाडकी. लांबलचक अंग, भरपूर क्रोम आणि एक्स आकाराची चासी.

रंगकाम हा तर स्वतंत्र संसार. ‘कँडी’ रंगात आधी चंदेरी किंवा सोनेरी अस्तर, त्यावर पारदर्शक रंगाचे हात, शेवटी क्लिअर. उजेड रंगातून आत जाऊन अस्तरावरून परततो, म्हणून गाडी ओली दिसते. या कलेचं शिखर म्हणजे इम्पीरियल्स क्लबच्या हेसूस ‘जेसी’ बालादेस यांची ‘जिप्सी रोझ’. 1964 ची गुलाबी इम्पाला, अंगभर हाताने रंगवलेले गुलाब, आत गुलाबी मखमल, झुंबर आणि चक्क कॉकटेल बार. (झुंबराची गरज काय, हा प्रश्न इथे विचारायचा नसतो.) 1974 ला सुरू झालेल्या ‘चिको अँड द मॅन’ या मालिकेच्या शीर्षकदृश्यांतून ती अमेरिकेच्या घराघरांत गेली. 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिचं नाव लागलं आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ती काचेच्या पेटीत ठेवली गेली.

पण जिप्सी रोझ पूर्व लॉस एंजेलिसच्या ज्या व्हिटियर बुलेव्हार्डवर फिरायची, तिथलं हे रात्रीचं फिरणं 1979 मध्ये पोलिसांनी रस्ता रोखून बंद पाडलं होतं. 1980 च्या दशकात राज्याने स्थानिक प्रशासनांना अशा ‘क्रूझिंग’वर बंदीची मुभाही दिली. टोळ्या आणि लोरायडर हे समीकरण चित्रपटांनी आणि पोलिसांनी मिळून पक्कं केलं होतं. क्लबांमध्ये बाप-लेकांनी वर्षानुवर्षं एकच गाडी सजवणं चालू होतं, ते कुणाला बातमीलायक वाटलं नाही. 1977 मध्ये सॅन होजेत सुरू झालेल्या ‘लोरायडर’ मासिकाने ते छापलं. त्याची छापील आवृत्ती 2019 मध्ये थांबली.

मग ऑक्टोबर 2023 मध्ये नवा कायदा मंजूर झाला. 1 जानेवारी 2024 पासून कॅलिफोर्नियात क्रूझिंगबंदी गेली आणि 24008 चा तो अटकावही. आपल्याकडे मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्याच आधारे सांगितलं. जमिनीला टेकणारी इम्पाला इथे आणली, तर आरटीओच्या आधी आपले स्पीडब्रेकरच तिला अडवतील.

कॅलिफोर्नियात आता पोलिसांसाठी गाडी वर उचलायची गरज उरलेली नाही. तरी पंप कुणी काढलेले नाहीत. उड्यांच्या स्पर्धांत पुढची चाकं किती उंच गेली, ते शेजारी उभ्या केलेल्या मोजपट्टीवर पाहतात. त्यासाठी बनवलेल्या काही गाड्या इतक्या बदललेल्या असतात की त्या मैदानापर्यंत ट्रेलरवर घालून न्याव्या लागतात.