बिनकुलपाचे सामाईक दप्तर

धाराशिव जिल्ह्यातील 8 तालुक्यांच्या पंचायत समित्यांमध्ये शिक्षण, लेखा, ग्रामपंचायत आदी शाखांचे काम परस्परांवर अवलंबून असते. एका टेबलावरील विवरणपत्र दुसऱ्या टेबलावर तात्काळ मिळावे, यासाठी कार्यालयातील संगणक नेटवर्कने जोडून सामाईक फोल्डर ठेवणे सोयीचे ठरते. मात्र पासवर्डपाशी काम अडू लागले की, तो काढूनच टाकावा, असा विचार पुढे येतो. तसे करण्यापूर्वी त्याचे परिणाम समजून घेणे अगत्याचे आहे.

पासवर्ड काढल्यावर काय घडते?

विंडोज प्रणालीत ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करता येते. परंतु ही व्यवस्था एका फोल्डरपुरती नसून संपूर्ण संगणकाला लागू होते. त्यानंतर येणारी व्यक्ती ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा समजली जाते. त्या संगणकावरील जे जे सामाईक फोल्डर ‘एव्हरीवन’ म्हणजे सर्वांना खुले असतील, ते सर्व तिला उघडता येतात. लिहिण्याची मुभा असल्यास मजकूर बदलता वा पुसता येतो. शिष्यवृत्तीच्या यादीतील बँक खाते क्रमांक बदलला गेला, तर तो कोणी बदलला याचा उलगडा होत नाही. दोषी सापडत नाही आणि निर्दोष लिपिकास आपली बाजू सिद्ध करता येत नाही.

दुसरा धोका विषाणूंचा. मे 2016 मध्ये मंत्रालयातील संगणकांना ‘लॉकी’ या खंडणीखोर विषाणूची बाधा झाली होती. हा विषाणू बाधित संगणकाबरोबरच, तेथून लिहिता येणाऱ्या सामाईक फोल्डरमधील फाईलीही कुलूपबंद करतो. खुले फोल्डर त्याला आयतेच सापडते.

योग्य मार्ग कोणता?

2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत, प्रो प्रकारच्या संगणकांवरून असा पाहुणा-प्रवेश मुळातच नाकारला जातो. त्यामुळे कालपर्यंत उघडणारे फोल्डर प्रणाली अद्ययावत होताच उघडेनासे होते. अशा वेळी सुरक्षा सैल करू नये. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. तो संगणकात एकदा जतन केला की पुन्हा पुन्हा विचारला जात नाही. पासवर्ड काढून जी सोय साधायची, ती अशा रीतीनेही साधते.

कोरे नमुने व परिपत्रके खुली ठेवायचीच असतील, तर ती वेगळ्या संगणकावर, केवळ वाचण्याच्या मुभेसह ठेवावीत. लाभार्थ्यांच्या याद्या, कर आकारणी व सेवाविषयक नोंदी यांना मात्र ज्यांचे काम आहे त्यांनाच प्रवेश असावा. बदली वा सेवानिवृत्ती होताच त्या व्यक्तीचा प्रवेश बंद करावा आणि महत्त्वाच्या फाईलींची प्रत नेटवर्कपासून अलग ठेवावी.

कार्यालयातील दप्तर हे अखेर गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद होय. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे जसे ठाऊक असते, तसेच संगणकातील दप्तराचेही असावे.