आजीच्या डब्यातले रुपये

मागच्या श्रावणात बाबांनी माझ्याकडे अडतीस हजार रुपये मागितले. कशाला, विचारलं तर म्हणाले, "आहे एक काम. महिन्याभरात परत करतो, आणि वर भर घालून." निवृत्त झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे दहा रुपयेही मागितले नव्हते. म्हणून जरा खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी कपाटातून एक पितळी डबा काढला आणि मोबाईलवर आलेलं एक पत्र दाखवलं.

डबा ओळखीचा होता, आजीचा. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आजी त्यातली नाणी चिंचेच्या कोळाने घासायची आणि संध्याकाळी पाटावर मांडायची. आम्हा नातवंडांना एकेक नाणं हातात धरायला मिळायचं, तेही मोजून परत घेतलं जायचं. आजी गेल्यावर डबा थोरले म्हणून बाबांकडे आला. पण नाणी तिघांची, हे बाबा, काका आणि आत्या तिघांनाही ठाऊक होतं.

पत्रावर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह, शिक्का, सही, सगळं होतं. मजकूर असा की 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, राम दरबार' या आपल्या नाण्याला ११ लाख रुपये मंजूर झाले आहेत, जीएसटीचे ३८ हजार भरताच रक्कम खात्यात जमा होईल. 'नोंदणी' आणि 'विमा' म्हणून बाबांनी त्याआधीच १४ हजार भरले होते. आत्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरत होतं. तिचा वाटा तिला वेळेत द्यावा, एवढाच त्यांचा हिशेब.

"बाबा, रिझर्व्ह बँक अशी नाणी विकत घेत नाही," मी म्हटलं. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, त्यासाठी ती कुणाकडून शुल्क घेत नाही आणि तसा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. पैसे परत आले नाहीत.

बाबा तीन दिवस कुणाशी फारसं बोलले नाहीत. चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "बरं, मग खरी किंमत किती, ते तरी सांग."

आधी यादी

माझं काम सॉफ्टवेअरचं. प्रश्न मोठा वाटला की त्याचा तक्ता करायचा, ही सवय. डबा जेवणाच्या टेबलावर रिकामा केला. ६१ नाणी आणि चार घड्या घातलेली एक नोट. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन केलं, चुंबक लावून पाहिलं.

२२ रुपये चारमिनारचे, म्हणजे आपल्या हैदराबादच्या हाली सिक्क्याचे. त्यावर सगळं उर्दू लिपीत. मला अक्षरही कळेना. मग बाबांच्या काकांना बोलावलं. त्यांचं वय ८८, आणि प्राथमिक शाळा निजामाच्या काळातली, उर्दू माध्यमाची. मराठी घरातल्या या माणसाने चष्मा न लावता भराभर साल वाचायला सुरुवात केली. "तेराशे एकतीस. हे बघ, पुढचं तेराशे सदतीस." ही सालं हिजरी. १३३१ म्हणजे साधारण १९१२-१३.

त्यांनीच मला कमानीतलं अक्षर दाखवलं. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक बारीक अक्षर असतं. 'मीम' असेल तर नाणं सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळातलं, 'ऐन' असेल तर सातवे उस्मान अली खान यांच्या काळातलं. आमच्याकडे 'मीम'ची चार निघाली, बाकी सगळी 'ऐन'ची. लहानपणापासून हातात धरलेल्या नाण्यावर हे अक्षर मला कधी दिसलंच नव्हतं.

चारमिनारशिवाय ९ रुपये ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. सहा एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचे, तीन १९४० नंतरचे. उरलेल्यांत तांब्याचे, निकेलचे सुटे पैसे आणि दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी पाडलेले भोकाचे पैसे. आणि ते ११ लाखांचं पितळी राम दरबार.

किंमत कशावरून ठरते?

नाणं जुनं म्हणजे महाग, हा पहिला गैरसमज. किंमत तीन गोष्टींवर ठरते: धातू किती, नाणं दुर्मीळ किती आणि राखलंय कसं.

धातूचा हिशेब सोपा आहे. ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणून एका नाण्यात सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, म्हणजे ५.८ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. आमच्याकडचा चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१ ग्रॅम. आमच्या ३१ रुपयांत झीज वजा करून जेमतेम २८० ग्रॅम चांदी भरली. त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणलं की तळाची किंमत मिळते. याहून कमी कुणी देऊ केले तर नाणी परत खिशात घालावीत.

दुर्मीळपणाचा वयाशी फारसा संबंध नाही. जे लाखोंनी पाडलं, ते शंभर वर्षांनीही घरोघरी सापडतं. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र वेगळा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली गेली. उरलेल्यांना म्हणून मागणी आहे. आमच्याकडे तो नव्हता, हे मी भिंगाने दोनदा तपासलं.

आणि राम दरबार? कंपनीने असं नाणं चलनात कधी आणलंच नव्हतं. सगळ्या मुलखांसाठी कंपनीचं एकसारखं नाणं १८३५ मध्ये सुरू झालं. त्याआधीचं साल घातलेले हे पितळी तुकडे म्हणजे पूजेसाठी, जत्रेत विकायला केलेली टोकनं. अनेक देवघरांत ती आहेत. तुमच्याही असेल तर श्रद्धेने ठेवा, लाखांच्या आशेने नको.

चिंचेचा हिशेब

यादी घेऊन मी आणि बाबा गुलजार हौजजवळच्या एका सराफाकडे गेलो. त्याने चांदीचा भाव सांगितला, तो आमच्या हिशेबाशी जुळला. नंतर शहरातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका जाणकार संग्राहकाला नाणी दाखवली. त्याने एकेक कडेने धरून उजेडात तिरकी केली आणि विचारलं, "घासत होता का?"

बाबा म्हणाले, "आई घासायची. दर दिवाळीला."

घासल्याने नाण्याचा मूळचा तजेला जातो, बारीक चरे पडतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात. संग्राहक पैसे देतो ते याच गोष्टींचे. काळवंडलेली चांदी त्याला चालते, चकाकवलेली नाही. म्हणून आमची तीस नाणी त्याच्या लेखी चांदीच्या भावाची. फक्त एका चारमिनारला त्याने चांदीच्या दुपटीहून थोडे जास्त सांगितले. ते नाणं कापडाच्या चिंधीत शिवलेलं होतं आणि पूजेला कधी निघालंच नव्हतं.

नोट निघाली हाली सिक्क्याची, पाच रुपयांची. हे चलन १९५९ मध्ये बाद झालं. नोटेवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा पाच भाषांत रक्कम लिहिलेली आहे. घड्यांवर ती विरली असल्यामुळे भाव फार नाही, असं तो म्हणाला. बाबा मात्र घरी येईपर्यंत ते मराठी अक्षर वाचत होते.

तुमच्या घरी असा डबा असेल तर एवढं करा. घासू नका. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. किमान दोघांना दाखवा. विकण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी कायद्याने पुरावस्तू ठरतात, ती परदेशी नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या माझ्या मामेबहिणीला म्हणूनच फक्त फोटो मिळाले.

रविवारी बाबांनी काका आणि आत्याला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर १४ हजारांची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. मी तिथून उठून जाणार होतो, पण त्यांनी बसायला सांगितलं. आत्या थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दादा, माझ्या गुडघ्यांसाठी तू असलं काही करू नकोस रे." ऑपरेशनचं आम्ही चुलत-आतेभावंडांनी मिळून बघायचं ठरवलं. सगळी चांदी विकूनही एका गुडघ्याचा खर्च निघाला नसता.

विकायचं नाही, असं ठरलं. प्रत्येकी दहा रुपये वाटून घेतले. एकतिसावा, चिंधीतला, नोट आणि राम दरबारासह डब्यातच राहिला.

दिवाळीला आत्याने फोटो पाठवला. तिच्या पाटावर दहाही चारमिनार लखलखत होते. मी लिहिलं, "आत्या, घासू नका म्हटलं होतं ना?"

तिचं उत्तर आलं, "चांदीचाच भाव आहे ना? मग घासली."