200 कोटींचं देणं

अनाकिन स्कायवॉकर बिघडला तो मरणाच्या धास्तीने. ‘स्टार वॉर्स’च्या 2005 सालच्या चित्रपटात बायको बाळंतपणात दगावल्याची स्वप्नं त्याला पडू लागतात, आणि मृत्यूला हुलकावणी देण्याच्या विद्येचं आमिष पुढे सम्राट होणारा पॅल्पटीन दाखवतो. बायको जाते ती जातेच. अनाकिनचा मात्र डार्थ व्हेडर होतो.

कथेतला पुढचा भाग पडद्यावर आधीच, 1977 साली, आला होता. त्यात डेथ स्टार हे महाकाय अंतराळस्थानक अल्डरान नावाचा अख्खा ग्रह उडवतं. हुकूम साम्राज्याचा अधिकारी टार्किन याचा, पण व्हेडर अल्डरानची राजकन्या लेया हिला धरून तिथेच उभा असतो. पृथ्वीएवढा ग्रह पुन्हा कधी गोळा होणार नाही असा उधळायचा, तर सूर्याची जवळजवळ आठवड्याभराची ऊर्जा लागेल. सगळी, चहूदिशांना जाणारी. एरवी तिच्यातला 200 कोटींतला जेमतेम एक वाटा पृथ्वीला मिळतो, आणि तेवढ्यावर आपला पाऊस, जंगलं, शेती चालते.

अल्डरानची वस्तीही सुमारे 200 कोटींचीच सांगतात. मेलेल्यांची नावं सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न थांबता वाचत गेलं तर 63 वर्षं लागतील. चित्रपट लागला त्या दिवशी सुरुवात केली असती, तर वाचन 2040 मध्ये संपलं असतं. जेडाय योद्ध्यांच्या मंदिरात अनाकिनने मारलेली लहान मुलं यात धरलेलीच नाहीत.

आता जमेची बाजू. 1983 च्या चित्रपटात सम्राट पॅल्पटीन व्हेडरचा मुलगा ल्यूक याचा जीव घेत असताना व्हेडर सम्राटाला उचलून खोल विवरात फेकतो. या कामाला अर्धं मिनिटही लागत नाही. आणि बक्षीस? ज्या अमरत्वासाठी हा सगळा उपद्व्याप केला, तेच! मेल्यावर शेवटी तो तेजोमय रूपात ल्यूकसमोर हजर. मूळ चित्रपटात हे रूप म्हाताऱ्याचं होतं. 2004 च्या आवृत्तीत तिथे तरुण अनाकिन साकारणाऱ्या हेडन क्रिस्टेन्सनचा चेहरा बसवला. पापं फिटली, वर जवानीही परत.

मुलाने बापाला माफ केलं, ठीक. पण मेलेल्यांच्या वतीने माफी द्यायचा हक्क ल्यूकला कुणी दिला? अल्डरानवर वाढली होती लेया, आणि व्हेडरच्या चितेपाशी ल्यूक एकटाच आहे.

त्यातून 2019 च्या चित्रपटात पॅल्पटीन पुन्हा जिवंत निघाला. म्हणजे व्हेडरच्या जमेला उरला फक्त वाचवलेला एक मुलगा.