रक्तदाब उतरविणारें स्निग्ध द्रव्य

“उंदरांस देऊन पाहिलें, त्यांचा रक्तदाब उतरला” असें सांगून एखादें तेल वा चूर्ण कोणी आमच्या वाचकांपुढें ठेविल्यास, डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या सोडण्यापूर्वीं पुढील हकीगत वाचावी, अशी आमची विनंती आहे.

मूत्रपिंडाची रक्तवाहिनी आवळली असतां रक्तदाब चढतो, हें गोल्डब्लॅट यांनीं १९३४ सालीं कुत्र्यांवर दाखविलें. तेव्हांपासून मूत्रपिंड म्हणजे दाब चढविणारें इंद्रिय, अशी समजूत दृढ झाली. अमेरिकेंतील मेंफिस येथील म्यूरहेड यांचें म्हणणें असें कीं, त्याच इंद्रियाच्या गाभ्यांत दाब उतरविणारें स्निग्ध द्रव्यही असतें. १९७९ सालीं ब्लँक, स्नायडर इत्यादिकांसह त्यांनीं तशा जातीचें द्रव्य प्रयोगशाळेंत बनवून रक्तदाब वाढलेल्या उंदरांस दिलें. अत्यल्प मात्रेनेंच दाब खालीं आला.

सोयाबीनच्या तेलांतून निघणारें लेसिथीन कित्येकांस ठाऊक असेल. हें द्रव्य त्याच घराण्यांतलें. मात्र यांत एका लांब स्निग्धाम्लाच्या जागीं शिरक्यांतील आम्लाचा आंखूड तुकडा बसलेला असतो, आणि सारा गुण त्या तुकड्यावर अवलंबून! तो तुटला कीं द्रव्य निकामी होतें. शरीर स्वतः तो सतत तोडीत असतें.

मग याचें औषध कां झालें नाहीं? फ्रान्सचे बेनव्हेनिस्त व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं सशांच्या पांढऱ्या रक्तपेशींतून निघणारें एक द्रव्य वर्णिलें होतें. रक्त गोठविण्याच्या कामीं येणाऱ्या सूक्ष्म चकत्या त्यानें एकमेकींस चिकटतात. १९७९ सालींच त्याची रचना उलगडली, आणि म्यूरहेड यांचें द्रव्य व हें एकच ठरलें. सशांत व गिनीपिगांत तें चकत्यांचे पुंजके करितें. गिनीपिगाच्या श्वासनलिका आवळितें. मात्रा वाढल्यास प्राणी दगावतो. उंदराच्या चकत्यांवर मात्र त्याचा कांहींच परिणाम होत नाहीं. म्हणजे ज्या प्राण्यांत गुण दिसला, त्याच्या रक्तांत हा दोष दिसण्याची सोयच नव्हती! एकाच जातीच्या जनावरावरील प्रयोगास आम्ही अर्धा पुरावा समजतों तो याकरितां.

पुढें औषधशास्त्रज्ञ हें द्रव्य देण्याऐवजीं अडविण्याच्या मागें लागले. शिंका व अंगावरील गांधी यांवर देण्यांत येणाऱ्या रुपाटाडीन या गोळीच्या अंगीं तो गुण आहे.