कुलूपबंद घरातलं जागतं पाणी

गणपतीला कोकणात निघायची वेळ होते. बॅगा दारात येतात, गॅस बंद होतो आणि कुणाचा तरी हात सवयीनं मेन स्विचकडे जातो. घरात फिशटँक असेल तर तो हात तिथेच अडवायला हवा. आठ दिवस मासे उपाशी राहतील, या काळजीनं आपण हळहळत असतो. टाकीतला खरा धोका मात्र भुकेचा नसतो.

मासा शीतरक्ती. आपल्या अन्नातला मोठा वाटा शरीर ३७ अंशांवर उबदार ठेवण्यात खर्ची पडतो. माशाचं अंग बहुधा पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं, त्याला हा खर्चच नाही. म्हणून पूर्ण वाढलेला, धडधाकट गोल्डफिश आठवडाभराचा उपास सहज काढतो. पिल्लांना मात्र रोज खाणं लागतं.

घात होतो तो मायेपोटी. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिलेली असते. त्या टाकीजवळ आल्या की मासे काचेशी झेपावतात. काकूंचा जीव कळवळतो आणि चिमटीची मूठ होते. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो. मासेही कल्ल्यांवाटे अमोनियाच बाहेर टाकतात. नदीत तो वाहून जातो, टाकीतून जाणार कुठे?

तो टाकीतच पचवला जातो, आणि हीच तर कमाल आहे! फिल्टरच्या स्पंजवरचा बुळबुळीत थर म्हणजे मळ नव्हे. तिथे जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास ही दोन टप्प्यांची कामगिरी उलगडली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं समज असा, की एकच जिवाणू दोन्ही कामं करत नाही. २०१५ साली नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू ती एकहाती करताना सापडले. त्यातले काही मिळाले कार्प माशांच्या संवर्धन टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये. आपला गोल्डफिशही कार्पच्याच कुळातला!

या जिवाणूंना अखंड प्राणवायू लागतो. मेन स्विच पडला की फिल्टरमधलं पाणी थांबतं, वस्ती गुदमरते आणि अमोनिया साचू लागतो. मासेही धापा टाकू लागतात. गरम पाण्यात तर प्राणवायू मुळातच कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणून बाकीच्या खोल्यांचे स्विच बंद करा, टाकीचा सुरू ठेवा. गावाला निघण्याआधी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून काकूंना दाखवून ठेवा, वीज गेली तर कामी येईल.

तयारी आठवडाभर आधीच सुरू करावी. नवे मासे आणू नयेत. निघण्याच्या दोनतीन दिवस आधी पाव टाकी पाणी बदलावं. नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवावं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा, नळाखाली धरला तर क्लोरीन त्या वस्तीच्याच जिवावर उठतं. दिवा टाइमरवर सहासात तास पुरे, जास्त उजेडानं शेवाळ माजतं. झाकण नीट बसवावं, म्हणजे पाणी कमी उडतं. खाण्याचा डबा कपाटात ठेवून काकूंच्या हाती चिमूटभर दाण्यांच्या दोनतीन पुड्या द्याव्यात, प्रत्येकीवर तारीख घालून.

परतल्यावर दार उघडताच आधी कान द्या. बंद घरात फिल्टरची बुडबुड ऐकू आली, की समजावं, आपण आरत्या म्हणत होतो तेव्हाही स्पंजातले ते अदृश्य जीव एक क्षणही थांबले नव्हते. माशांना त्या दिवशी चिमूटभरच खाणं द्या. त्या वस्तीलाही पुन्हा भरल्या घराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.