साखर पेल्यातच कमी करावी, सायकलवर नव्हे

सायकल चालवली की प्यालेलं सगळं जिरून जातं, हा समज सायकलस्वारांमध्ये चांगलाच रुजला आहे. रविवारी सकाळी पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं, घाम गाळायचा आणि परतताना थंडगार शीतपेयाची बाटली रिकामी करायची. मनात हिशेब असतो की फिटंफाट झाली. आकडे मात्र वेगळंच सांगतात. साध्या कोलामध्ये दर १०० मिलिलिटरला सुमारे १०.६ ग्रॅम साखर असते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत जवळपास ८० ग्रॅम साखर आणि ३२० कॅलरी. सत्तर किलो वजनाचा माणूस रमतगमत, ताशी १५ किलोमीटरच्या आत सायकल चालवतो तेव्हा तासाला साधारण २८० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ७० तो घरी नुसता बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. सायकलची खरी कमाई उरते २१०. बरीच घड्याळं आणि ॲप एकूण आकडा दाखवतात, त्यामुळे ती प्रत्यक्षापेक्षा मोठी वाटते. दहा मिनिटांत संपवलेली बाटली फेडायला दीड तास पायडल मारावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, कॅलरी ती कॅलरीच. ताटातून आली काय नि पेल्यातून आली काय! ऊर्जा म्हणून हे खरं आहे, पण भुकेला ते मान्य नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या गोळ्या-मिठाया आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय दिलं. गोळ्या खाण्याच्या काळात लोक आपोआप इतर जेवण कमी जेवले. पेयाच्या काळात जेवण कमी झालंच नाही आणि वजन वाढलं. प्रयोग छोटा होता, पण मुद्दा महत्त्वाचा आहे: प्यालेली साखर पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाही. ती जेवणाची जागा घेत नाही, जेवणावर चढते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सायकलस्वाराला साखर लागतेच. बरोबर आहे, पण केव्हा, हे पाहायला हवं. जोरदार राइड तास-दीड तासाच्या पुढे गेली की स्नायूंतला साठा उतरू लागतो आणि तेव्हा तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घेणं शहाणपणाचं ठरतं. तिथे गोड पेय हे इंधनच असतं. ऑफिसला जाण्यायेण्याच्या अर्ध्या-पाऊण तासाला मात्र पाणी पुरतं. उसाचा रस नैसर्गिक असला तरी हाच नियम त्यालाही लागू, कारण त्यातली साखरही साखरच. बिअरची गोष्ट त्याहून वाईट: अल्कोहोलच्या एका ग्रॅममागे सात कॅलरी मिळतात, पण स्नायूंचा रिकामा साठा त्यातून भरत नाही.

म्हणून पेयाचा प्रश्न पेल्यातच सोडवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं. पाच टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमवर, आणली तर आणखी चांगलं. दिवसाला पाच कप चहा घेणाऱ्याने प्रत्येक कपात एक चमचा साखर कमी केली, तरी ८० ते १०० कॅलरी वाचतात, म्हणजे जवळपास अर्ध्या तासाच्या निवांत सायकलिंगएवढ्या. सायकल तरीही चालवायचीच: हृदयासाठी, फुफ्फुसांसाठी, गुडघ्यांसाठी आणि शांत झोपेसाठी. बाटलीची भरपाई एवढंच तिचं काम मानलं, तर वजनकाटा हलला नाही की माणूस सायकलच सोडून देतो, आणि मग वजनापलीकडे ती देत असलेलं सगळंच हातचं जातं.