क्लोरीन टाकूनही पूलचं पाणी हिरवं का होतं? समजून घ्या पीएच आणि अल्कलिनिटीचं गणित

लोणावळा, कर्जत, अलिबागच्या बंगल्यांमध्ये आता स्विमिंग पूल सर्रास दिसतात. क्लोरीन नियमित टाकलं जातं, तरी पाणी हिरवट होतं, पोहून आल्यावर डोळे चुरचुरतात. मग आणखी क्लोरीन ओतलं जातं. पण अनेकदा गडबड असते पीएच आणि अल्कलिनिटीमध्ये.

पीएच का महत्त्वाचा?

पूलच्या पाण्याचा पीएच 7.2 ते 7.8 असावा. क्लोरीन पाण्यात मिसळलं की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि जंतू मारण्याचं मुख्य काम तेच करतं. पीएच 7.5 असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग या रूपात असतो. पीएच 8 झाला की जेमतेम पाव उरतो. म्हणजे टेस्ट किटवर क्लोरीन पुरेसं दिसतं, पण पाणी सुरक्षित असेलच असं नाही. उलट पीएच फार उतरला तर डोळे जळजळतात आणि पंपाचे धातूचे भाग गंजतात.

अल्कलिनिटी म्हणजे काय?

पाण्यातले बायकार्बोनेटसारखे क्षार पीएचला सावरून धरतात. त्यांचं मोजमाप म्हणजे अल्कलिनिटी. ती साधारण 80 ते 120 पीपीएम असावी. कमी असेल तर पीएच सतत वर-खाली होतो. जास्त असेल तर पीएच वर चढत राहतो. बोअरवेलच्या पाण्यात ती अनेकदा जास्त असते. उघड्या पूलमध्ये पावसाचं पाणी पडून ती घटते.

आधी काय दुरुस्त करायचं?

आधी अल्कलिनिटी, मग पीएच.

- अल्कलिनिटी वाढवण्यासाठी: खाण्याचा सोडा. 10,000 लिटर पाण्यात सुमारे 170 ग्रॅम सोड्याने ती 10 पीपीएम वाढते.
- पीएच वाढवण्यासाठी: धुण्याचा सोडा.
- दोन्ही कमी करण्यासाठी: पूलसाठी मिळणारं आम्ल. फक्त अल्कलिनिटी उतरवायची असेल, तर आम्लानंतर कारंजं चालू ठेवावं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच पुन्हा वर येतो.

डोस थोडा-थोडा, पंप चालू ठेवून द्यावा. काही तासांनी पुन्हा तपासावं.

ही चूक जिवावर बेतू शकते

आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, एकच बादलीही वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतावं, आम्लात पाणी नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे काम केअरटेकर करत असेल, तर त्यालाही हे सांगून ठेवा.